आशा : बेडी कीं नांगर ?

आशा ही एक अद्भुत बेडी होय, ही कल्पना संस्कृत शिकलेल्या प्रत्येक मुलाच्या मनांत लहानपणींच ठसलेली असते. सुभाषितकार आशेची निंदा करतात, वेदांती तिचा त्याग सांगतात, आणि घरांतील वडील माणसें निवृत्तीच्या वयांत ‘आतां कशाची आशा नाहीं’ असें समाधानानें म्हणतात. अशा संस्कारांत वाढलेल्या वाचकानें ख्रिस्ती धर्मग्रंथ उघडला म्हणजे तो थोडा चकित होतो. कारण तेथें श्रद्धा आणि प्रीति यांच्या जोडीला आशा बसविलेली आहे. ती दोष नव्हे, सद्गुण आहे !

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायांत या आशेला जिवाचा नांगर म्हटलें आहे. रोमच्या भूमिगत स्मशानांत आरंभींच्या ख्रिस्ती लोकांनीं कबरींच्या शिळांवर नांगर कोरले, ते याच अर्थानें. इंग्रजींत कबरस्तानाला ‘सेमेटरी’ म्हणतात. तो शब्द ज्या ग्रीक शब्दापासून आला, त्याचा अर्थ शयनस्थान असा आहे. निजलेला मनुष्य उठावयाचा असतो, हें त्या नांवांतच गृहीत धरलेलें आहे.

परंतु ‘स्वर्ग’ हा शब्द मात्र आपल्या वाचकाला हमखास फसवितो. आपला स्वर्ग पुण्यानें मिळतो आणि पुण्य सरलें कीं सुटतो. गीतेच्या नवव्या अध्यायांत हें स्पष्ट सांगितलें आहे, व म्हणूनच आपले विचारवंत स्वर्गाला फारशी किंमत देत नाहींत. ख्रिस्ती मनुष्य ज्याची वाट पाहतो, तें पुण्याचें वेतन नव्हे. तें ईश्वराच्या कृपेचें दान आहे, म्हणून तें संपत नाहीं. शिवाय त्यांत देह टाकून आत्म्यानें निसटणें एवढेंच अभिप्रेत नाहीं. येशू मरणांतून उठला या विश्वासावर सर्व मृतांचें पुनरुत्थान आणि नवें आकाश व नवी पृथ्वी यांची अपेक्षा उभारलेली आहे. ही अपेक्षा कोणास पटो वा न पटो. पण तिला आपल्या स्वर्गाच्या मापानें मोजणें न्यायाचें नाहीं.

या आशेंतून आनंद कसा निपजतो, हें पाहावयाचें तर पौलानें फिलिप्पै येथील मंडळीस लिहिलेलें पत्र वाचावें. पत्र अवघें चार अध्यायांचें. लिहिणारा बंदिवासांत, कदाचित् देहान्ताच्या छायेंत. तरी आनंद हा शब्द त्यांत पुनः पुनः येतो. आपलें नागरिकत्व स्वर्गांतलें आहे असें तो सांगतो, आणि त्याच पत्रांत एका पेंचाची कबुलीही देतो : येथून निघून ख्रिस्तापाशीं जावें हें त्याला अधिक गोड, परंतु मागें राहणें या माणसांसाठीं अधिक अगत्याचें. अखेर तो राहणें पत्करतो. मुक्ति दूर सारून भक्तीसाठीं पुन्हां जन्म मागणारे आपले संत येथें आठवतात. दोघांचीं कारणें निराळीं आहेत, पण जातकुळी एक वाटते.

परलोकाकडे डोळे लावणारा इहलोकीं निरुद्योगी होतो, हा आक्षेप जुना आहे. त्याचें उत्तर तर्कानें देण्यापेक्षां पुण्याजवळच्या केडगांवकडे बोट दाखवावें. पंडिता रमाबाई या अनंतशास्त्री डोंगरे यांच्या कन्या. दक्षिणेंतील दुष्काळांत त्यांनीं आईबाप गमावले, १८८० सालीं भाऊ गेला, १८८२ सालीं पति. १८८३ सालीं इंग्लंडांत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. त्या धर्मांतराविषयींच्या वादांत येथें शिरावयाचें नाहीं. त्याची किंमत त्यांनीं मोजली. १८९३ सालीं रानडे-भांडारकरांसारख्या स्नेह्यांनीं शारदासदनाशीं संबंध सोडला. लक्षांत घेण्याजोगें हें कीं, बाप्तिस्म्यानंतरही कित्येक वर्षें आपल्याला धर्म सांपडला होता पण ख्रिस्त सांपडला नव्हता, असें त्या स्वतःच सांगतात. आनंद मागाहून आला. आणि तो आल्यावर त्या ध्यानस्थ बसल्या काय ? १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून शेकडों निराधार मुली व विधवा त्यांनीं आणविल्या. मुक्तिसदनांत विहिरी खणल्या, शेती केली, आंधळ्यांना वाचावयास शिकविलें, छापखाना घातला. (मराठींत नांगर हा शब्द जहाजाचाही आणि शेताचाही आहे, केडगांवीं दोन्ही अर्थ लागू पडले.)

उतारवयांत त्यांनीं हिब्रू व ग्रीक शिकून सबंध बायबलाचें मराठी भाषांतर हातीं घेतलें. चालू भाषांतरांतील संस्कृतप्रचुर शब्द अडाणी बायकांस कळत नाहींत, ही त्यांची तक्रार होती. संस्कृत पंडितेनें अशी तक्रार करावी हें विशेषच. १९२१ च्या जुलैंत त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमाबाई वारल्या. संस्थेचा भार याच मुलीनें उचलावयाचा होता. वय साठीच्या पुढें, प्रकृति खालावलेली, पुढची सोय मोडलेली. तरी भाषांतराचें काम थांबलें नाहीं. मुलीची पुन्हां भेट होणार या भरंवशानें त्या उरलेले महिने जगल्या, आणि ते मजकुरावरून नजर फिरविण्यांत घालविले. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या निवर्तल्या, तेव्हां भाषांतर पुरें झालेलें होतें. छापखान्यांत खिळे जुळविण्याचें काम मुक्तींतल्या स्त्रियाच करीत. ग्रंथ १९२४ सालीं बाहेर पडला.