फिरत्या चषकांवरची नावं

अमेरिकेत अ‍ॅरिझोना राज्यातल्या फीनिक्स शहराच्या वायव्येला कापसाची शेतं होती. तिथे १ जानेवारी १९६० रोजी सन सिटी नावाची निवृत्तांची वसाहत खुली झाली. बांधकाम व्यावसायिक डेल वेब यांनी पाच नमुना घरं, दुकानं, मनोरंजन केंद्र आणि गोल्फचं मैदान एवढं आधी उभं केलं आणि मग गिऱ्हाइकांना बोलावलं. दहा हजार लोक येतील असा अंदाज होता. पहिल्या तीन दिवसांत लाखभर आले. निवृत्त माणसाला घराआधी मैदान दाखवायचं, ही कल्पना त्या वेळी नवीनच होती. आज तिथे वसाहतीच्या मालकीची आठ गोल्फ मैदानं आहेत आणि रस्त्यांवर मोटारींच्या बरोबरीने गोल्फ कार्ट धावतात. घरात निदान एक माणूस ५५ वर्षांचा हवा. नातवंडं सुटीला येऊ शकतात, कायमची राहू शकत नाहीत.

ही शेवटची अट लक्षात ठेवली, तर अशा वसाहतींतल्या गोल्फ क्लबांमध्ये स्मृतिचषक का असतात, ते उलगडतं. आपल्याकडे माणूस गेला तरी त्याचं दुकान मुलगा चालवतो, नात त्याच शाळेत जाते, कट्ट्यावर कुणीतरी ‘अमक्याचा नातू’ म्हणून ओळख देतो. सन सिटीसारख्या ठिकाणी हा धागाच नसतो. सगळे साठीच्या आसपास दुसऱ्या गावाहून आलेले. थंडीने गोठणाऱ्या इलिनॉय, मिनेसोटा, आयोवा अशा राज्यांतून कितीतरी लोक इथल्या उन्हाकडे येतात. शेजाऱ्याला तुमचं बालपण ठाऊक नसतं आणि तुमची नोकरीही फक्त तुमच्या तोंडून ऐकलेली असते. त्याने पाहिलेली असतात ती तुमची शेवटची पंधरा-वीस वर्षं. माणूस गेला की घर विकलं जातं, मुलं दुसऱ्या राज्यात असतात, आणि नव्या शेजाऱ्याला आधीच्याचं नावही कळत नाही. इतक्या लवकर पुसलं जाणारं गाव आपली माणसं लक्षात कशी ठेवणार? त्याने शोधलेल्या उत्तरांपैकी मला सर्वांत खरं वाटणारं उत्तर म्हणजे फिरता चषक.

त्याची रीत साधी आहे. क्लबासाठी खपलेलं कुणी वारतं. बहुधा तो मोठा खेळाडू नसतो. वर्षानुवर्षं सगळ्यांच्या हँडिकॅपची, म्हणजे खेळ पाहून मिळणाऱ्या फटक्यांच्या सुटीची, नोंद ठेवणारा, पहाटे उभं राहून खेळाडूंच्या तुकड्या वेळेवर सोडणारा, किंवा अठरा होल आता झेपत नाहीत अशा बायकांसाठी नऊ होलांचा गट सुरू करणारी कुणी. घरचे किंवा मित्र पैसे जमवतात आणि चषक किंवा ढाल देतात. चषक क्लबाच्या काचेच्या कपाटातच राहतो. विजेत्याचं नाव त्यावर कोरलं जातं, त्याला घरी न्यायला लहानशी प्रतिकृती मिळते. क्लबाच्या वर्षाच्या वेळापत्रकात त्या नावाचा एक दिवस ठरतो. मग दर वर्षी ते नाव फळ्यावर लागतं, स्कोअरकार्डवर छापलं जातं आणि बक्षीस देताना मोठ्याने उच्चारलं जातं. बागेतल्या बाकावरच्या पाटीला हे जमत नाही. पाटी वाचणारा मिळेपर्यंत मुकी असते. चषकाचं नाव घेतल्याशिवाय खेळच सुरू होत नाही.

मराठी वाचकाला हे अनोळखी नाही. पुण्यात १९६३ पासून चाललेल्या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेला कॉलेजातली मुलं नुसतं ‘पुरुषोत्तम’ म्हणतात. महाराष्ट्रीय कलोपासकच्या अप्पासाहेब वझे यांचं ते नाव. त्यांना कधीही न पाहिलेली मुलं तालमीच्या रात्री तेच नाव घेत जागतात. पुढच्या पिढीला त्या नावासाठी झटावंसं वाटलं, की स्मारकाचं काम झालं.

गोल्फमध्ये मात्र एक अडचण असायला हवी होती. निवृत्तांच्या क्लबात ५८ वर्षांचा तगडा गडी असतो आणि गुडघा बदललेल्या ८४ वर्षांच्या बाई असतात. सरळ फटके मोजले, तर चषक दर वर्षी त्याच तीन-चार जणांत फिरेल आणि बाकीच्यांना त्याच्याशी काही देणंघेणं उरणार नाही. ही अडचण हँडिकॅपने सोडवली. ज्याचा खेळ कच्चा, त्याला तेवढ्या फटक्यांची सूट. २०२० पासून जगभर एकच हँडिकॅप पद्धत लागू झाली असून तिच्यात ही सूट ५४ पर्यंत जाऊ शकते. त्यामुळे स्पर्धा आपल्याच नेहमीच्या खेळाशी होते. आज ज्याचा चेंडू रोजच्यापेक्षा बरा पडला, तो जिंकला. वयाच्या नव्वदीकडे झुकलेली व्यक्तीही पंचावन्नच्या गड्याला हरवून चषकावर नाव कोरून घेऊ शकते. माझ्या मते ही गोल्फची सर्वांत उदार बाजू आहे.

दुसरी सोय इंग्लंडमधल्या एका डॉक्टराने करून ठेवली. डॉ. फ्रँक स्टेबलफोर्ड वॉलसी गोल्फ क्लबाचे सभासद होते. समुद्रावरच्या वाऱ्यात एखाद्या होलवर दहा-बारा फटके गेले, की माणूस तिथेच कार्ड फाडून घरी जातो, हे ते पाहत होते. त्यांनी गुण देण्याची पद्धत काढली. फसलेल्या होलला शून्य गुण, पुढच्या होलवर पुन्हा सुरुवात. १६ मे १९३२ रोजी वॉलसीला या पद्धतीची पहिली स्पर्धा झाली. ज्येष्ठांना ती फार मानवते, कारण वाळूत रुतलेल्या एका चेंडूने सगळी सकाळ वाया जात नाही, आणि शून्य पक्कं झालं की चेंडू उचलून पुढे जाता येत असल्याने खेळही रेंगाळत नाही. स्टेबलफोर्ड यांच्या नावाचा स्मृतिचषक वॉलसीला खेळला जातो. पण त्यांचं खरं स्मारक ही पद्धतच. ‘आज स्टेबलफोर्ड आहे’ असं म्हणत सकाळी कार्ट बाहेर काढणाऱ्या कितीतरी जणांच्या तोंडी ते नाव असतं.

नावं धातूला बांधून ठेवण्याची हौस या खेळाला फार जुनी. १७४४ साली एडिंबरा शहराने लीथच्या मैदानावरच्या स्पर्धेसाठी चांदीची काठी दिली. पहिला विजेता जॉन रॅट्रे हा शल्यचिकित्सक. जिंकणाऱ्याने त्या काठीला एक चांदीचा चेंडू बांधायचा, असा प्रघात पडला. या परंपरेत मुंबईचीही एक खूण आहे. मुंबईतल्या गोल्फ क्लबाने १८४५ मध्ये सेंट अँड्र्यूजच्या क्लबाला रौप्यपदक पाठवलं आणि ते ‘बॉम्बे मेडल’ याच नावाने ओळखलं जातं. आपल्या किनाऱ्याचं नाव स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर असं टिकून राहिलं, याचा मला आनंद वाटतो.

ब्रिटिश ओपन स्पर्धेच्या ‘क्लॅरेट जग’ या सुप्रसिद्ध चषकावरचं पहिलं नाव यंग टॉम मॉरिस याचं. त्याआधी विजेत्याला चामड्याचा पट्टा मिळे. टॉमने तो लागोपाठ तीनदा जिंकला आणि नियमाप्रमाणे १८७० साली तो त्याच्याच मालकीचा झाला. द्यायला बक्षीस उरलं नाही, म्हणून १८७१ ला स्पर्धाच झाली नाही. १८७२ ला तो पुन्हा जिंकला, पण जग अजून घडवून व्हायचा होता. त्याच्या हाती पदक आलं. जग आला तो पुढच्या वर्षीच्या विजेत्याच्या, टॉम किडच्या हाती. १८७५ च्या सप्टेंबरात यंग टॉमची बायको बाळंतपणात बाळासह गेली आणि त्याच वर्षी नाताळच्या दिवशी चोविसाव्या वर्षी तोही गेला. तो जग काही स्मृतिचषक म्हणून घडवलेला नव्हता. तरी दर जुलैत नवा विजेता तो उंचावतो, तेव्हा यादीच्या माथ्यावर हाच तरुण असतो.

चषकावर जिंकणाऱ्यांची नावं चढत जातात आणि वीस वर्षांनी पाहावं तर त्यांतली बरीच माणसंही गेलेली असतात. एकाच्या आठवणीसाठी आणलेल्या चषकावर हळूहळू अख्खा क्लब उतरतो. वरची जागा संपली की खाली लाकडी बैठक जोडतात, तीही भरली की आणखी एक. तरुण माणसांच्या क्लबात ही यादी पराक्रमाची असते. इथे ती सोबत्यांची असते. विधवा झालेल्या बाई नवऱ्याचं कोरलेलं नाव नव्याने आलेल्या शेजारणीला दाखवू शकतात. त्या दोघींमध्ये दुसरं काही सामाईक नसतं.

यातली अडचणही खरी आहे. माणसं जात राहतात, पण वर्षात आठवडे बावन्नच. जितके चषक तितक्या स्पर्धा भरवता येत नाहीत. दोन चषक एका दिवशी खेळवायचे का, घरच्यांकडून पुढे कुणी येईनासं झालं तर चषक बंद करायचा का, हे निर्णय समितीवर येऊन पडतात. निर्णय घेणारेही त्याच वयाचे असल्याने ते जड जातात. कपाटात बसून राहिलेला, ज्याच्यासाठी कुणी खेळत नाही असा चषक म्हणजे नुसता धातू. त्यापेक्षा दोन नावांचा एकच दिवस बरा, असं मला ठामपणे वाटतं.

आणि चषकाबरोबर अर्ध्या पानाची हकीकत हवीच. कोण होती ही व्यक्ती, कुठल्या गावाहून आली, क्लबासाठी तिने काय केलं, तिचा फटका कुठल्या बाजूला वाकायचा. टॉम मॉरिसची गोष्ट दीडशे वर्षं सांगितली गेली म्हणून त्याचं नाव अजून माणसासारखं ऐकू येतं. हँडिकॅपची वही सांभाळणाऱ्याची गोष्ट त्याला ओळखणारे हयात आहेत तोवर कुणी लिहिली नाही, तर दहा वर्षांत क्लबात ती सांगू शकणारं कुणी उरत नाही. बक्षीस देण्याआधी ते अर्धं पान मागच्या वर्षीच्या विजेत्याने वाचून दाखवावं. दोन मिनिटं लागतील, तेवढा वेळ जेवण थांबू शकतं.