ठिगळ

संगणकाच्या पडद्यावर खालच्या कोपऱ्यात अधूनमधून एक चौकोन उगवतो. अपडेट आले आहे, आता करावयाचे की नंतर, असे तो विचारतो. आपण 'नंतर'वर बोट ठेवून मोकळे होतो. मीही कित्येकदा तसेच केले आहे.

आमच्या गावच्या झेरॉक्सच्या दुकानात मी अकरावीपासून संध्याकाळी फॉर्म भरून देण्यास बसते. तेथील संगणकावर विंडोज ७ होते. दुकानाच्या आण्णांना मी एकदा म्हटले, "आण्णा, ह्याला आता कंपनीकडून काही येत नाही म्हणे." आण्णा म्हणाले, "चालतंय न्हवं? मग कशाला हात लावायचा? बंद पडलं तर फॉर्म हातानं भरणार हाईस का?" यावर मजजवळ उत्तर नव्हते. बारावीच्या निकालानंतरच्या गर्दीत एका सकाळी संगणक सुरू केला, तर प्रत्येक फाईलचे नाव बदललेले आणि एकही उघडेना. पडद्यावर इंग्रजीत खंडणीची चिठ्ठी. गावातील निम्म्या घरांचे जातीचे दाखले, सातबारे, गुणपत्रिका त्यात स्कॅन करून ठेवलेल्या होत्या. माझ्याही होत्या. तीन मुलींचे शिष्यवृत्तीचे फॉर्म त्या आठवड्यात राहिले. कागद पुन्हा आणता येतात, पण गेलेली तारीख आणता येत नाही. त्या दिवसापासून मी या विषयाच्या मागे लागले. मी काही शास्त्र शाखेची नव्हे. जे समजले ते समजले तसे लिहिते.

संगणकाची प्रणाली म्हणजे माणसांनी लिहिलेल्या सूचना. विंडोजसारख्या प्रणालीत त्यांच्या काही कोटी ओळी असतात. इतके लिहिताना चुका राहणारच, आणि पुष्कळशा निरुपद्रवी असतात. पण काही चुका म्हणजे कुडाला पडलेले भोक. अपडेट हे त्या भोकावरचे ठिगळ होय. मायक्रोसॉफ्ट कंपनी ही ठिगळे सामान्यतः दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी पाठविते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण २०१७ सालचे आहे. एका संगणकाने दुसऱ्याच्या फाईली वाचाव्यात म्हणून विंडोजमध्ये जी जुनी सोय आहे, तीत आलेल्या मजकुराची लांबी मोजण्यात चूक होती. वाफ्यात मावेल त्याहून अधिक पाणी सोडले, तर बांध फोडून ते शेजारच्या वाफ्यात शिरते. तसा हा जादा मजकूर स्मृतीच्या शेजारच्या जागेत जाऊन पडे, आणि मुद्दाम रचलेला असला तर संगणक त्यालाच आज्ञा समजून पाळू लागे. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तहेर संस्थेला ही चूक ठाऊक होती. तिने तिचे हत्यार बनविले होते. १४ मार्च २०१७ रोजी कंपनीने ठिगळ दिले. १४ एप्रिलला ते चोरीस गेलेले हत्यार उघड्यावर आले. आणि १२ मे रोजी 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर प्रोग्राम त्याच भोकातून जगभर शिरला. कोणी काही उघडावे लागत नव्हते. एका यंत्रातून दुसऱ्यात तो आपणहून जाई. दीडशेहून अधिक देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक बंद पडले. खंडणी होती तीनशे डॉलर.

इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत २३६ पैकी निदान ८१ रुग्णालय-न्यासांना झळ पोचली. तेथील लेखापरीक्षण कार्यालयाच्या अहवालाप्रमाणे १९,००० हून अधिक रुग्णांच्या तपासण्या व शस्त्रक्रियांच्या नेमणुका रद्द झाल्या असाव्यात. मार्कस हचिन्स या तरुणाने त्या प्रोग्राममध्ये लिहिलेला एक निनावी पत्ता स्वतःच्या नावे नोंदविला. तो पत्ता उत्तर देऊ लागताच प्रोग्राम थांबत असे, म्हणून लाट ओसरली. एरवी काय झाले असते!

येथे एक गोष्ट मला विचार करावयास लावते. बाधित यंत्रांपैकी बहुसंख्य विंडोज ७ ची होती, आणि विंडोज ७ ला तेव्हा कंपनीचा आधार होता. म्हणजे औषध घरात दोन महिने पडून होते. कोणी घेतले नाही. 'नंतर'वर बोट ठेवणारे आपण एकटे नव्हे.

विंडोज एक्सपीची गोष्ट निराळी. २००१ साली आलेल्या त्या प्रणालीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला होता, त्यामुळे मार्चचे ठिगळ तिला सर्वसाधारणपणे मिळालेच नाही. हल्ल्यानंतर कंपनीने अपवाद म्हणून दिले. आधार संपला म्हणजे यंत्र बंद पडत नाही, आणि घोटाळा इथेच आहे. ते पूर्वीसारखेच चालते, फक्त त्यातील भोके यापुढे बुजत नाहीत. शिवाय नव्या आवृत्तीत पुष्कळसा भाग जुन्याचाच असतो. नव्याला ठिगळ लागले की जाणकार चोर ठिगळाआधीची आणि नंतरची प्रत शेजारी ठेवून पाहतो. फरक दिसतो तेथे भोक होते. मग तो जुन्या यंत्राकडे वळतो, कारण तेथे ते अजून उघडेच आहे. नव्याचे ठिगळ हाच जुन्याचा नकाशा होतो. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला, तर विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती ग्राहकांना नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदतवाढ देण्यात आली होती.

कोणी म्हणेल, अपडेटचीच काय खात्री? आक्षेप खरा आहे. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' हा प्रोग्राम युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच पसरविण्यात आला. मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा कोलमडली, आणि आपल्या न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या टर्मिनलचे काम अडले. कंपनीला सुमारे ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. पण त्या सॉफ्टवेअर कंपनीच्या घरातच चोर शिरला होता, आणि आत शिरल्यावर तो पसरला तो इतर वाटांबरोबर मार्चच्या त्याच न बुजविलेल्या भोकातून. म्हणून अपडेट नकोच, असे मला वाटत नाही.

आता आण्णांची बाजू, कारण त्यांना अडाणी ठरविणे सोपे आहे. दुकानात लग्नपत्रिका जुळविण्याचा डीटीपीचा जुना प्रोग्राम आहे. त्याचे मराठी टाईप युनिकोडचे नाहीत, आणि नव्या विंडोजवर तो चालतच नाही. नवा घ्यावा तर एका लगीनसराईची कमाई जाते. विंडोज ११ ला टीपीएम नावाची सुरक्षेची चीप लागते, ती त्या यंत्रात नाही. कंपनी आधार काढून घेते तेव्हा जुने यंत्र टाकून नवे घेण्याचा खर्च कोणी करावयाचा, हे ती सांगत नाही. मला हा व्यवहार न्याय्य वाटत नाही. आण्णांना तर मुळीच वाटत नाही.

शेवटी आम्ही असे केले. आण्णांनी हप्त्यावर एक यंत्र घेतले. फॉर्म आणि इंटरनेट त्यावर. दर शनिवारी सर्व स्कॅनची प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क काढून कपाटात ठेवतो, कारण जोडून ठेवलेली प्रतही कुलूपबंद होऊ शकते. विद्यार्थ्याचे काम झाले की त्याचे कागद यंत्रावरून पुसतो. जुने यंत्र पुसून घेतले आणि त्यावर फक्त पत्रिका. त्याची नेटची वायर आण्णांनी स्वतः उपसून गुंडाळून खिळ्याला अडकविली आहे. पेनड्राईव्हची वाट मात्र उरली. तेव्हा पत्रिकेचा फोटो घेऊन कोणी आले, की पेनड्राईव्ह आधी नव्या यंत्रात तपासावयाचा. घाईतले गिऱ्हाईक म्हणते, "राहू दे की, चालतंय." त्यावर आण्णाच म्हणतात, "थांबा जरा."