कण्हेरीचे पाय कोरडे हवेत

पनवेलमधल्या बागेसाठी पाण्यावाचून तगणारं झुडूप सुचवलं, तर ऐकणारा हसेल. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, तिथे दुष्काळ कसला? पण हा पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये उरकतो. पुढचे आठ महिने बाग नळावर जगते, आणि उन्हाळ्यात देहरंग धरणाचा तळ दिसू लागला की प्यायच्या पाण्याचेच वांधे होतात. मग जास्वंदीला कोण विचारतो? कळंबोलीहून निघणाऱ्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या दुभाजकावर मात्र धूर, तापलेलं डांबर आणि मूठभर माती यांत कण्हेर हिरवीगार उभी असते, वर फुलतेही. इथल्या अंगणातही तिला जागा द्यावी, असं मला वाटतं.

तिचं कसब पानात आहे. पान जाड, चामड्यासारखं, वरून मेणचट. आणि ज्या रंध्रांतून झाडाचं पाणी उडतं, ती पानाच्या खालच्या अंगाला, केसाळ खळग्यांत दडलेली. वारा तिथवर पोचत नाही, त्यामुळे ओल टिकते. म्हणजे उन्हाळ्याची चिंता तिची तिने मिटवली आहे. आपण सांभाळायचा तो पावसाळा. पनवेलच्या सखल भागातल्या चिकट मातीत पाणी साचलं की तिची मुळं कुजतात. म्हणून खड्ड्यात नव्हे, मुरूम मिसळलेल्या उंचवट्यावर लावावी. फांदी पावसाच्या सुरुवातीला खोचली तरी फुटते. पहिल्या उन्हाळ्यात मुळं खोल जाईपर्यंत पाणी द्यावं, मग हात आखडता घ्यावा. ऊन मात्र भरपूर हवं. इमारतीच्या सावलीत नुसती उंच वाढते आणि फुलांचं नाव नाही. फुलं नव्या फुटव्याच्या टोकाला येतात, तेव्हा बहर ओसरल्यावर छाटणी करायला कचरू नये.

आक्षेप उघड आहे: कण्हेर विषारी. खरंच आहे, आणि पान, फूल, मूळ, चीक, सगळ्यासकट. तिच्यातली द्रव्यं थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात, पान वाळलं तरी विष जात नाही. दुभाजकावरची कण्हेर कुंपणाशिवाय टिकते ती याच गुणावर. शेळीसुद्धा तिला तोंड लावत नाही. तेव्हा जिथे रांगती मुलं किंवा मोकळी गुरं आहेत तिथे ती नकोच, तिथे अडुळसा किंवा कोरांटी बरी. इतरत्र हातमोजे घालून छाटावी आणि छाटलेल्या फांद्या शेकोटीत टाकू नयेत, धूरही बाधतो. बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, हे अमेरिकेतून आलेलं वेगळं झाड. तेही तितकंच विषारी, त्यामुळे अदलाबदल करून काही साधत नाही.

दुसरा आक्षेप निसर्गप्रेमींचा, आणि तो मला जास्त वजनदार वाटतो. कण्हेरीच्या फुलांत मध नसतो. मधमाशी रंगाला भुलून येते आणि रिकामी परतते. पण फुलापाशी फसवणारी ही बाई पानांवर पाहुणचार करते. हबशी फुलपाखराच्या अळ्या ही विषारी पानं खाऊन वाढतात, आणि त्यांचे चांदीसारखे चकाकणारे कोष पानाखाली लटकतात. कोवळ्या शेंड्यांवर पिवळा मावा दिसला म्हणून लगेच औषध फवारू नये. तो पाण्याच्या जोरदार धारेने धुऊन जातो. त्याआधी पानं उलटून पाहावीत.