पावरकराला नाव असतं

नवापूर-साक्रीच्या पट्ट्यात डोंगऱ्यादेवाचा उत्सव सुरू झाला, की कोकणा आदिवासींच्या पाड्यांवर पावरकराची पावरी घुमू लागते. बाहेरून आलेला पाहुणा ती ऐकून हमखास म्हणतो, ‘यांच्या रक्तातच संगीत आहे, शिकावं लागत नाही.’ या कौतुकाने कलाकाराची सगळी मेहनतच पुसली जाते.

पावरी सोपी नाही. वाळलेला दुधी भोपळा, त्यात मेणाने बसवलेल्या बांबूच्या नळ्या, आत थरथरणारी बारीक जीभ, टोकाला शिंगाचा कर्णा. खरी कसोटी श्वासाची. गालातला वारा नळीत जात असतानाच नाकाने पुढचा श्वास घ्यायचा, सूर क्षणभरही तुटू द्यायचा नाही. हे लहानपणापासून, जाणत्याच्या शेजारी बसूनच अंगवळणी पडतं. तिकडे पालघरमध्ये याच कुळातला तारपा वाजतो. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा तो पोरवयापासून वाजवत आले. वाडवडिलांकडून आलेली विद्या त्यांनी नव्वदी ओलांडेपर्यंत सांभाळली, वाद्यही स्वतः घडवलं. 2026मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. एवढ्या दीर्घ साधनेला ‘उपजत’ म्हणणं मला पटत नाही.

दुसरा गैरसमज: वादक नाचाला नुसती साथ करतो. प्रत्यक्षात तारप्याची चाल बदलली की पावलं बदलतात. नाचणाऱ्यांचं कडं वादकाभोवती फिरतं, त्याच्या मागे चालतं. वारली चित्रातही नाचाच्या वळणात तारपेवाला असतो, तो शोभेसाठी नव्हे.

‘आदिवासी वाद्य’ असं एकच काही नसतं, हेही सांगायला हवं. 2011च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यात 69 टक्क्यांहून अधिक लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. पण भिल, पावरा, कोकणा, मावची यांच्या चाली आणि वाद्यं वेगवेगळी. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावच्या होळीत मोठ्या ढोलाचा दणदणाट असतो. त्याच्या जागी पावरीचं चित्र छापणं ही सरळ चूक आहे.

आणि सर्वांत रुजलेला समज असा, की लोकसंगीत अनामिक असतं, कुणा एकाचं नसतं. स्कॉटलंडमध्ये नील गाऊ (1727–1807) नावाचा फिडलवादक होऊन गेला. तोही गावच्या नाचांत वाजवणाराच. पण ॲथलच्या ड्यूकांचा त्याला आश्रय मिळाला, 1784पासून त्याच्या चालींचे संग्रह छापले गेले, चित्रकार रेबर्नने त्याचं चित्र काढलं. म्हणून आज त्याची चाल त्याच्या नावाने वाजते. सातपुड्यात चाली बांधणारे नव्हते असं नाही. त्यांची नावं कुणी लिहून घेतली नाहीत. आजही सांस्कृतिक कार्यक्रमाच्या पत्रिकेत उद्घाटकाचं नाव ठळक अक्षरांत आणि वादकांच्या जागी ‘आदिवासी पथक’ एवढंच. ते मला फार लागतं.

पद्मश्री मिळाली म्हणजे कला वाचली, असंही आता बोललं जाईल. पण कला वाचायला आधी वाद्य हवं, वाद्याला भोपळा हवा, आणि बाजारात येतो तो कोवळा तोडलेला दुधी. वाद्याला लांब मानेचा, जाड सालीचा, वेलावरच पिकून कडक झालेला लागतो. तो कुणीतरी भाजीसाठी न खुडता मुद्दाम राखावा लागतो, त्याचं बी पुढच्या पावसाळ्यासाठी ठेवावं लागतं, आणि तो कोरायला शिकणारा पोरगाही घरातच असावा लागतो.