नावेंतील मुखपट्टी

सातारा जिल्ह्यांत कोयनेच्या शिवसागर जलाशयाकांठीं राहणाऱ्या लोकांस नाव हाच पुष्कळदां जवळचा मार्ग असतो. कृष्णाकांठच्या आमच्या सांगलीकर वाचकांसही नाव परकी नाहीं. २०२० सालीं कोरोनाची सांथ आली, तेव्हां सार्वजनिक ठिकाणीं व प्रवासांत मुखपट्टी बांधणें सक्तीचें झालें. महाराष्ट्रांत ही सक्ति एप्रिल २०२२ मध्यें उठली.

नदीवर मोकळा वारा असतां मुखपट्टी कशास, असें अनेकांस वाटे. बोलतांना व खोकतांना तोंडांतून सूक्ष्म कण उडतात. वारा ते पांगवितो हें खरें. परंतु खांद्यास खांदा लावून बसलेल्या उतारूंत ते पांगण्यापूर्वींच शेजाऱ्याच्या श्वासांत शिरतात. जहाजाच्या बंद खोल्यांत तर वाराही नसतो. फेब्रुवारी २०२० मध्यें योकोहामा बंदरीं थांबविलेल्या 'डायमंड प्रिन्सेस' जहाजावरील ३,७११ माणसांपैकीं सातशेंहून अधिकांस बाधा झाली. १९१८ च्या जूनमध्यें इन्फ्लुएन्झाही मुंबईच्या गोदींतच प्रथम दिसला व पावसाळ्याअखेर दख्खनभर पसरला.

लक्षणें दिसण्यापूर्वींही मनुष्य रोग पसरवूं शकतो. म्हणून निरोगी दिसणाऱ्यानेंही मुखपट्टी बांधावयाची. ती आपल्यापेक्षां शेजाऱ्याचें रक्षण अधिक करिते. नावाडी तर दिवसभर गांवोगांवचे उतारू पार नेतो. तो अंथरुणास खिळला कीं साऱ्यांचीच वाट अडते.

विद्यार्थिमित्रांनो, आज सक्ति नाहीं; तथापि खोकला झाला असतां नावेंत किंवा एस्. टी. मध्यें बसण्यापूर्वीं मुखपट्टी अवश्य बांधा. कायदा उठला, तरी शेजारधर्म उठत नाहीं.