छत्र : निवारा, अन्न आणि औषध

तंजावरच्या उत्तरेस अवघ्या काही कोसांवर कावेरीच्या काठी तिरुवैयारु हे गाव वसले आहे. ‘पाच पवित्र नद्यांचे स्थान’ असा त्याच्या नावाचा अर्थ होतो. पंचनदीश्वराचे प्राचीन देवालय आणि थोर संगीतकार त्यागराज (१७६७-१८४७) यांची समाधी यांमुळे हे गाव दक्षिणेत सर्वपरिचित आहे. त्यागराज उंछवृत्तीने राहत असत. भजन गात गावातून फिरावे आणि जे धान्य ओंजळीत पडेल त्यावर निर्वाह करावा, असा तो नेम होता. महाराष्ट्रातील माधुकरीशी त्याचे जवळचे नाते आहे. ज्या प्रदेशात असा नेम पाळणाऱ्यास समाज आदराने वागवीत होता, त्याच प्रदेशात घरादारापासून दुरावलेल्या सामान्य माणसासाठी कोणती व्यवस्था होती, हा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. त्याचे उत्तर ‘छत्र’ या संस्थेत सापडते आणि तिचा इतिहास मराठी वाचकाला विशेष जवळचा आहे.

छत्र म्हणजे काय?

तमिळमध्ये या संस्थेला ‘चत्तिरम’ म्हणतात. संस्कृतातील ‘सत्र’ या शब्दाशी त्याचे नाते जोडले जाते. मराठीतील अन्नछत्र, सदावर्त आणि धर्मशाळा या तिन्हींचा आशय त्यात एकवटलेला आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजी राजे भोसले यांनी तंजावरला आपली सत्ता स्थापन केली. ती सत्ता १८५५ मध्ये संपुष्टात आली. या कालखंडात भोसले राजांनी रामेश्वरकडे जाणाऱ्या यात्रामार्गावर अनेक छत्रे उभारली. त्यांपैकी बरीच राजघराण्यातील स्त्रियांच्या नावे ओळखली जात. नीडामंगलमचे यमुनांबा छत्र आणि ओरत्तनाडूचे मुक्तांबा छत्र ही त्यांतील प्रसिद्ध उदाहरणे होत. छत्राच्या खर्चासाठी जमिनी तोडून दिलेल्या असत आणि त्यांच्या उत्पन्नावर तेथील स्वयंपाकघर वर्षभर चाले. म्हणजे ही सेवा एखाद्या दात्याच्या लहरीवर अवलंबून नव्हती. तिला स्थायी उत्पन्नाचा आधार होता.

१८०१ चे पत्र

छत्रांच्या कार्याचे सर्वांत तपशीलवार वर्णन एका अर्जवजा पत्रात मिळते. सरफोजी राजे (दुसरे) १७९८ मध्ये गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी ईस्ट इंडिया कंपनीशी झालेल्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे तंजावरचा किल्ला, एक लाख होनांची वार्षिक नेमणूक आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले. अशा स्थितीत छत्रे आपल्याकडेच राहावीत म्हणून त्यांनी १८०१ च्या आरंभी रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांना पत्र लिहिले.

या पत्रात वर्णिलेली व्यवस्था अशी होती. ब्राह्मणापासून अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींपर्यंत, तसेच जोगी, जंगम, अतीत, बैरागी अशा सर्व पांथस्थांना शिजवलेले अन्न दिले जाई. ज्यांना शिजलेले चालत नसे त्यांना शिधा मिळे. अन्नदान मध्यरात्रीपर्यंत चाले. त्यानंतर घंटा वाजवून, अद्याप जेवण न मिळालेल्या सर्वांनी यावे, अशी हाक दिली जाई. ज्यांना पुढील प्रवास करणे शक्य नसे, त्यांना मुक्काम असेपर्यंत अन्न मिळत राही.

मात्र अन्न हा या व्यवस्थेचा केवळ एक भाग होता. रोग, सूज आणि सर्पादिकांचे विष यांवर उपचार करणारे वैद्य छत्रात नेमलेले असत. वाटेत आजारी पडलेल्या माणसास औषध आणि पथ्याचे अन्न देऊन तो पूर्ण बरा होईपर्यंत ठेवून घेतले जाई. गरोदर स्त्रीच्या बाळंतपणाचा खर्च छत्र करी आणि प्रसूतीनंतर तीन महिने तिला तेथे राहण्याची मुभा असे. परक्या मुलखातील अनाथ मुलांना शिक्षकाच्या हाती सोपवून त्यांचे अन्न, वस्त्र, तेल, औषध आणि शिक्षण पाहिले जाई. पुढे त्यांच्या विवाहाचा खर्चही केला जाई. कोणी दगावल्यास त्याच्या जातीच्या रीतीप्रमाणे अंत्यविधी होत असे.

सरफोजी राजांनी पुढे १८०२ मध्ये ओरत्तनाडूचे मुक्तांबा छत्र उभारले. वैद्यकाविषयीची त्यांची आस्था तंजावरच्या धन्वंतरी महालातही दिसून येते. तेथे देशी आणि पाश्चात्त्य अशा दोन्ही पद्धतींच्या वैद्यकाचा उपयोग केला जात असे. नेत्ररुग्णांवरील उपचारांच्या लेखी नोंदी आणि डोळ्यांची चित्रे सरस्वती महाल ग्रंथालयात जतन करण्यात आली आहेत.

वर्णनाच्या मर्यादा

हे पत्र वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवल्या पाहिजेत. पहिली अशी की ते एका हितसंबंधी पक्षाचे निवेदन आहे. छत्रे आपल्या हाती राहावीत यासाठी राजे त्यांचे गुणवर्णन करीत होते, तेव्हा प्रत्येक छत्रात प्रत्येक दिवशी सर्व काही असेच घडत होते, असे गृहीत धरता येत नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. अन्न सर्वांना मिळत असले तरी पंक्ती सर्वांची एक नव्हती. जातिभेद छत्राच्या उंबरठ्यावर थांबत नसे. महाराष्ट्रात गाडगे महाराजांना (१८७६-१९५६) विसाव्या शतकात पंढरपुरास चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधावी लागली, यावरून या भेदाची खोली ध्यानात येते.

असे असले तरी त्या काळी एक तत्त्व मान्य झाले होते, हे नाकारता येणार नाही. निवारा, अन्न आणि औषध या तीन वेगवेगळ्या गरजा नसून एकाच गरजेची तीन अंगे आहेत, हे ते तत्त्व होय.

पाहुण्याचा अपराधी कसा झाला?

तंजावरचे राज्य संपल्यानंतर छत्रांचा कारभार सरकारी आणि स्थानिक संस्थांकडे गेला. त्यांच्या उत्पन्नाचा मोठा भाग हळूहळू शिक्षणाकडे वळला. ओरत्तनाडूच्या छत्रात शाळा आणि वसतिगृह चालले. तिरुवैयारु येथे संस्कृत विद्येचे केंद्र उभे राहिले आणि तेथील महाविद्यालय आजही राजांच्या नावाने ओळखले जाते. हा उपयोग निश्चितच चांगला होता. परंतु मध्यरात्री घंटा वाजवून उपाशी माणसाला शोधण्याचे काम त्यातून मागे पडले.

याच काळात निराधाराकडे पाहण्याची शासनाची दृष्टीही बदलली. मद्रास इलाख्यात १९४५ मध्ये आणि मुंबई राज्यात १९५९ मध्ये भिक्षाप्रतिबंधक कायदे झाले. या कायद्यांनी भीक मागणे हा गुन्हा ठरवला. मुंबईच्या कायद्यात तर निर्वाहाचे दृश्य साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणे याचाही भीक मागण्यात समावेश होता. जो मनुष्य छत्राच्या दारी पांथस्थ म्हणून मोजला गेला असता, तो आता पोलिसांच्या नोंदवहीत आरोपी म्हणून येऊ लागला. दिल्लीस लागू असलेल्या मुंबईच्या कायद्यातील अनेक कलमे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये घटनाबाह्य ठरवली.

औषध टिकण्यासाठी छप्पर

भारताच्या २०११ च्या जनगणनेत सुमारे १७ लाख ७३ हजार माणसे बेघर असल्याची नोंद आहे. अशा माणसाला दवाखाना उपलब्ध असला तरी उपचार पूर्ण होतोच असे नाही. क्षयाच्या औषधांचा नेहमीचा क्रम सहा महिन्यांचा असतो. पदपथावर राहणाऱ्या रुग्णाची औषधे पावसात भिजतात, कागद चोरीला जातात आणि पोलिसांनी उठवले की त्याचा पत्ताच बदलतो. शस्त्रक्रियेनंतर ‘घरी जाऊन विश्रांती घ्या’ हा सल्ला त्याच्या बाबतीत निरर्थक ठरतो. म्हणूनच आजारी माणसास बरे होईपर्यंत आणि बाळंतिणीस तीन महिने ठेवून घेण्याचा छत्राचा नियम ही केवळ दया नव्हती. तो वैद्यकीय दृष्ट्याही समंजस नियम होता.

मनोरुग्ण बेघरांच्या बाबतीत ही गोष्ट अधिकच खरी आहे. रामेश्वरच्याच परिसरातील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी एका खासगी आश्रयगृहास आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले २८ रुग्ण मृत्युमुखी पडले. छप्पर होते, पण उपचार नव्हता आणि स्वातंत्र्यही नव्हते. त्यानंतर विचारांची दिशा बदलत गेली. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने असे स्पष्ट केले की, केवळ घर किंवा कुटुंब नाही म्हणून कोणासही मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही आणि समाजात राहण्याचा त्याचा हक्क आहे.

हा हक्क व्यवहारात कसा उतरतो, याचे एक उदाहरण तमिळनाडूतच आहे. चेन्नईत १९९३ मध्ये स्थापन झालेल्या ‘द बॅनियन’ या संस्थेने रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्ण स्त्रियांसाठी कार्य सुरू केले. पुढे ‘होम अगेन’ या उपक्रमातून अशा चार-पाच जणींना सामान्य वस्तीत भाड्याचे घर देण्यात आले. सोबतीस मदतनीस असते, औषधोपचार चालू राहतो आणि बाजारहाट, स्वयंपाक, शेजारधर्म या सर्व गोष्टी त्या स्वतः करतात. महाराष्ट्रात कर्जत येथे डॉ. भरत वाटवानी यांच्या संस्थेने रस्त्यावरील मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना आपल्या घरी पोचवण्याचे कार्य केले. त्याबद्दल त्यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. परदेशातही, विशेषतः फिनलंडमध्ये २००८ पासून, आधी घर आणि त्याबरोबर उपचार असे धोरण अवलंबण्यात आले आहे.

भारत सरकारच्या २०१३ च्या नागरी उपजीविका अभियानात दर एक लाख नागरी लोकसंख्येमागे किमान शंभर जणांसाठी कायमस्वरूपी निवारा असावा, असे मान ठरवण्यात आले. हे मान आवश्यक आहे, परंतु पुरेसे नाही. त्या निवाऱ्यात आजारी माणसास किती दिवस राहता येईल, बाळंतिणीची सोय काय, मुलांच्या शिक्षणाचे काय आणि रात्री उशिरापर्यंत उपाशी राहिलेल्यांचा शोध कोण घेईल, हे प्रश्न शिल्लक राहतात. तंजावरच्या छत्रांनी जातीच्या मर्यादेत राहून का होईना, या प्रश्नांची उत्तरे नियमांच्या रूपाने दिली होती. ती मर्यादा ओलांडून त्याच प्रश्नांची उत्तरे सर्वांसाठी सारखी देणे, हे आजच्या निवाऱ्यांपुढील कार्य आहे.