छोटी इलेक्ट्रिक की मोठी? सात गैरसमज आणि त्यामागचा हिशेब

आठ-दहा लाखांत टियागो ईव्ही किंवा कॉमेट घ्यावी, की थोडी ओढाताण करून अठरा-वीस लाखांच्या क्रेटा इलेक्ट्रिक किंवा बीई ६ कडे जावे? पुण्या-मुंबईइतकाच नाशिक-कोल्हापुरातही हा प्रश्न आता घरोघरी निघतो. उत्तरे मात्र बहुधा ऐकीव असतात. छोटीला कुणी ‘खेळणे’ म्हणते, तर मोठीला ‘पैशांचा चुराडा’. दोन्ही मते बाजूला ठेवून एकेक समज आकड्यांवर तपासून पाहू.

गैरसमज १ : माहितीपत्रकात २३० किमी लिहिले आहे, म्हणजे गाडी २३० किमी जाते.

वस्तुस्थिती : हा आकडा प्रयोगशाळेत, रोलरवर, एसी बंद ठेवून, ठरवून दिलेल्या वेगाने चालवून काढलेला असतो. सिंहगड रोडवरची कोंडी, चार माणसे आणि मे महिन्यातला एसी त्यात धरलेला नसतो. कॉमेटची बॅटरी साधारण १७.४ युनिटची. शहरात ती दीडशे ते पावणेदोनशे किमी जाईल, असे धरणे शहाणपणाचे. मोठ्या गाड्यांनाही हाच नियम लागू आहे. नेक्सॉन ईव्हीच्या ४५ युनिटच्या बॅटरीचा चाचणीतला आकडा ४८९ किमी आहे. टाटा कंपनी स्वतःच प्रत्यक्ष वापरातला पल्ला साडेतीनशेच्या आसपास सांगते. गाडी छोटी असो वा मोठी, छापील आकड्यातून पाव ते एक तृतीयांश वजा करावा. उरलेल्यातही शेवटचे वीस टक्के अडीअडचणीसाठी राखून ठेवावेत.

गैरसमज २ : पल्ला जितका जास्त, तितकी गाडी आपल्या सोयीची.

वस्तुस्थिती : मोठा पल्ला म्हणजे मोठी बॅटरी, आणि बॅटरी हा इलेक्ट्रिक गाडीतला सर्वात महाग व सर्वात जड भाग असतो. रोज हिंजवडी किंवा ठाणे असे चाळीस किमीचे येणे-जाणे असेल, तर चारशे किमीच्या गाडीतली नऊ-दशांश क्षमता रोज नुसती वाहून न्यावी लागते. वर्षातून गणपतीला आणि दिवाळीला गावी जायचे म्हणून मोठी बॅटरी घेणाऱ्याने त्या दोन प्रवासांचा खर्च वेगळा काढून पाहावा. त्या दिवसांपुरती भाड्याची गाडी किंवा रेल्वे कितीतरी स्वस्त पडते.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. दर शनिवारी पुण्याहून साताऱ्याला आई-वडिलांकडे जायचे असेल आणि घरात दुसरी गाडी नसेल, तर मोठ्या पल्ल्याला चैन म्हणता येणार नाही. महामार्गावर हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ताशी शंभरने बॅटरी शहरापेक्षा बरीच लवकर उतरते. त्यातच कॉमेट बाजारात आली ती डीसी फास्ट चार्जिंगशिवाय. वाटेत ती झटपट भरून घेता येत नाही, म्हणून तिला शहराची गाडी म्हणूनच पाहावे.

गैरसमज ३ : मोठी ईव्ही महाग असली, तरी पेट्रोल वाचून पैसे वसूल होतात.

वस्तुस्थिती : पेट्रोल दोन्ही गाड्या वाचवतात. प्रश्न आहे तो दोघींमधल्या फरकाचा. महिन्याला १,००० किमी चालवणे, घरच्या विजेचा दर युनिटला १० रुपये आणि पेट्रोल लिटरला १०० रुपये असे धरू. छोटी ईव्ही शंभर किमीला साधारण १० युनिट खाते, मोठी १६. म्हणजे वीज लागते छोटीला १,००० रुपयांची आणि मोठीला १,६०० रुपयांची. लिटरला १५ किमी देणारी पेट्रोल गाडी तेवढ्याच अंतरात सुमारे ६,७०० रुपये जाळते.

दोन्ही ईव्ही पाच हजारांहून अधिक वाचवतात, आणि छोटी किंचित जास्त. मात्र मोठीसाठी जादा दहा लाखांचे कर्ज सात वर्षांसाठी नऊ टक्क्यांनी काढले, तर महिन्याचा हप्ता सुमारे १६,००० रुपये येतो. तो विजेतून कधीच सुटत नाही. मोठी गाडी ऐसपैस जागा, आरामदायी प्रवास, पल्ला यांसाठी जरूर घ्यावी. बचतीचे कारण तिला लावू नये. दुसरीकडे महिन्याला जेमतेम तीनशे किमी चालवणाऱ्याची छोटीतसुद्धा फारशी बचत होत नाही. त्याने साध्या पेट्रोल गाडीचाही विचार करायला हरकत नाही.

गैरसमज ४ : मोठी बॅटरी घरच्या प्लगवर भरत नाही, आणि चार्जिंग स्टेशनवर तिला जास्त वेळ लागतो.

वस्तुस्थिती : गीझरला असतो तसा १५ अँपिअरचा सॉकेट तासाला साधारण तीन युनिट देतो. बीई ६ ची ७९ युनिटची बॅटरी शून्यापासून भरायला त्यावर एक दिवस-रात्रही अपुरी पडेल. पण रोज ती शून्यावर येतच नाही. चाळीस किमीसाठी लागणारे सहा-सात युनिट सव्वादोन तासांत परत भरतात. मोबाइलसारखे रात्री लावून ठेवले की सकाळी काम झालेले असते.

फास्ट चार्जिंगमध्ये तर उलटच चित्र दिसते. टियागो ईव्हीला १० ते ८० टक्क्यांसाठी जवळपास तास लागतो आणि त्यातून मिळतात जेमतेम सतरा युनिट. बीई ६ ची मोठी बॅटरी १७५ किलोवॉटच्या चार्जरवर वीस मिनिटांत २० वरून ८० टक्क्यांवर जाते, म्हणजे सुमारे ४७ युनिट घेते. अट एकच : वाटेत तेवढा ताकदवान चार्जर हवा. ६० किलोवॉटच्या चार्जरवर त्याच कामाला पाऊण तासाहून अधिक वेळ जाईल. म्हणून आपल्या नेहमीच्या रस्त्यावर किती किलोवॉटचे चार्जर आहेत, हे गाडी बुक करण्याआधी पाहून ठेवावे.

गैरसमज ५ : छोटी गाडी म्हणजे कमी सुरक्षित.

वस्तुस्थिती : लांबीवरून सुरक्षितता ठरत नाही. २०२४ च्या भारत एनसीएपी चाचणीत चार मीटरहून लहान असलेल्या पंच ईव्हीला पाच तारे मिळाले. प्रौढांच्या सुरक्षेत तिला ३२ पैकी ३१.४६ गुण होते, आणि तिच्याहून मोठ्या नेक्सॉन ईव्हीला २९.८६. पण म्हणून सगळ्या छोट्या गाड्या सारख्या मानू नयेत. पंच ईव्हीत सहा एअरबॅगा सुरुवातीपासून सर्व प्रकारांत आहेत; कॉमेट आली ती दोन एअरबॅगांसह. आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्या. ही चाचणी ठरावीक अडथळ्यावर गाडी आदळून होते. रस्त्यावर जड गाडीशी टक्कर झाली, तर हलक्या गाडीला जास्त झळ बसते. त्यामुळे ताऱ्यांची तुलना साधारण सारख्या वजनाच्या गाड्यांमध्येच करावी.

गैरसमज ६ : पाच लाखांत ईव्ही मिळते, बॅटरीचे भाडे किरकोळ असते.

वस्तुस्थिती : बॅटरी भाड्याने देण्याची योजना एमजी कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये आणली, तेव्हा कॉमेट ४.९९ लाख रुपये अधिक किलोमीटरमागे अडीच रुपये अशी होती, आणि विंडसर ९.९९ लाख रुपये अधिक साडेतीन रुपये. महिन्याला १,००० किमी चालवली तर कॉमेटच्या बॅटरीचे भाडे अडीच हजार होते, आणि विजेचे हजार रुपये वेगळे. काही करारांत दरमहा किमान किलोमीटरची अट असते. गाडी दारात उभी राहिली, तरी तेवढे भाडे भरावेच लागते. कमी चालवणाऱ्याला ही योजना स्वस्त वाटते, पण त्या अटीमुळे तोच सर्वात जास्त अडकतो.

वॉरंटीचेही असेच आहे. आठ वर्षे किंवा १,६०,००० किमी ही बॅटरीची नेहमीची वॉरंटी टियागो ईव्हीसारख्या स्वस्त गाडीलाही आहे. काही मोठ्या गाड्यांवर ‘आजीवन’ वॉरंटी लिहिलेली असते, ती पहिल्या मालकापुरती. गाडी विकली की नव्या मालकाला मर्यादित मुदत लागू होते.

गैरसमज ७ : सरकारी सवलती मोठ्या गाडीवर जास्त मिळतात, शिवाय आयकरातही सूट आहे.

वस्तुस्थिती : कर्जाच्या व्याजावर दीड लाखापर्यंत वजावट देणारे कलम ८० ईईबी ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच लागू होते. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत खासगी मोटारी नाहीत. जीएसटी पाच टक्केच आहे, छोटीला आणि मोठीलाही. महाराष्ट्राच्या २०२५ च्या ईव्ही धोरणानुसार अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर इलेक्ट्रिक मोटारींना टोलमाफी आहे आणि ती गाडीची किंमत विचारत नाही. मात्र ७०१ किमीच्या समृद्धीचा फायदा खऱ्या अर्थाने मोठ्या बॅटरीवाल्यालाच होईल.

मग घ्यावी कोणती? रोजचे अंतर साठ-सत्तर किमीच्या आत, पार्किंगमध्ये स्वतःचा प्लग आणि लांबच्या प्रवासाला घरात दुसरी गाडी, या तीन गोष्टी जमत असतील तर छोटी घ्यावी आणि वाचलेले पैसे बँकेत ठेवावेत. घरात एकच गाडी असेल आणि महिन्यातून दोन-तीनदा दोनशे किमीपलीकडे जाणे होत असेल, तर मोठीचा विचार करावा. सोसायटीत यांत्रिक पार्किंग असेल, तर तिथल्या पाटीवरची वजन-लांबी-उंचीची मर्यादा आधी वाचावी. आणि घरी प्लग मिळणारच नसेल, तर दोन्ही गाड्यांचा हा सगळा हिशेब बदलतो. अशा वेळी आधी सोसायटीकडून चार्जिंगची परवानगी मिळवावी आणि मगच शोरूम गाठावे.